मधाळ, लाकडी अत्तर : किती मोजावं, कशासाठी मोजावं

दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या अत्तराच्या दुकानात शिरलात, की एकाच कपाटातल्या दोन कुप्यांचं वर्णन जवळपास एकाच शब्दांत ऐकायला मिळतं : खाली चंदनाचं किंवा ऊदाचं लाकूड, वर मधाचा गोडवा. एक कुपी दोनशे रुपयांची, दुसरी सहा हजारांची. मनगटावर लावल्यावर पहिली पाच मिनिटं दोन्ही सुखावतात, कित्येकदा स्वस्त कुपीच जास्त खुलते. मग मधल्या पाच हजार आठशे रुपयांत नेमकं काय मिळतं?

बहुतेकांना वाटतं, महाग अत्तर जास्त टिकतं. तसं नेहमी होत नाही. आजची कृत्रिम सुगंधी रसायनं इतकी चिवट असतात की दोनशे रुपयांचं रोल-ऑन शर्टावर दुसऱ्या दिवशीही दरवळतं. नैसर्गिक तेलाचा खरा गुण वेगळा आहे. ते त्वचेवर तासागणिक बदलत जातं. त्यातले अनेक घटक वेगवेगळ्या वेगानं उडतात, त्यामुळे सकाळचा वास आणि संध्याकाळचा वास एकच राहत नाही. महागड्या कुपीत आपण पैसे मोजतो ते या बदलाचे, आणि तो नाकाला जाणवत नसेल तर ते मोजू नयेत. कुपी कशी पारखावी, एका वापराला खर्च किती येतो आणि कोणत्या किमतीला कोणती अपेक्षा ठेवावी, याचा हा हिशेब.

लाकूड येतं कुठून

भारतीय अत्तरातला लाकडी वास मुख्यतः दोन झाडांचा. पहिलं चंदन. सुगंधी तेल असतं ते खोडाच्या आणि मुळांच्या गाभ्यात. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला जवळपास वास नसतो. गाभा भरायला पंधरा-वीस वर्षं तरी लागतात आणि गाभ्याच्या वजनातून तेल निघतं ते शेकड्याला काही भाग. म्हैसूर संस्थानानं १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना काढला, तेव्हापासून ‘म्हैसूर चंदन’ हे नाव जगभर गेलं. जंगलतोड आणि चोरटी वाहतूक यांमुळे पुढे रानातलं चंदन घटलं. आज आपल्याच जातीच्या चंदनाच्या मोठ्या बागा पश्चिम ऑस्ट्रेलियात आहेत, तिथलं तेलही बाजारात येतं आणि ते अस्सल श्वेतचंदनच असतं. ऑस्ट्रेलियाची स्वतःची एक वेगळी चंदनजातही आहे. तिचं तेल अधिक कोरडं, कमी दुधाळ आणि स्वस्त. कॅरिबियन भागातल्या अमायरिस नावाच्या झाडाचं तेल ‘वेस्ट इंडियन चंदन’ म्हणून विकलं जातं, पण त्याचा चंदनाच्या कुळाशी संबंध नाही. किंमत ऐकण्याआधी ‘कोणतं चंदन?’ हा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

दुसरं झाड अगर, म्हणजे दुकानातला ऊद. आसाममध्ये हे झाड परसात, चहाच्या मळ्यांच्या कडेला वाढतं. निरोगी झाडाला सुगंध नसतो. किडीनं खोड पोखरलं आणि बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवायला काळसर राळ तयार करतं, आणि सगळा सुगंध त्या राळेत. ते लाकूड फोडून पाण्यात कित्येक दिवस भिजत घालतात, मग ऊर्ध्वपातन करून तेल काढतात. आसामातलं होजाई हे या व्यापाराचं मोठं केंद्र. अजमल या आज आखातात पसरलेल्या घराण्याचे संस्थापकही होजाईचेच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईत दुकान थाटलं. आसाम ते मुंबई आणि मुंबई ते आखात हा ऊदाचा रस्ता असा जुना आहे. अगराचं झाड आता धोक्यात असल्यानं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या जातींविषयीच्या करारानं बंधनं घातली आहेत. आखातातल्या नातेवाइकांसाठी ऊद नेणार असाल किंवा तिथून मागवणार असाल, तर प्रमाणाचे आणि परवान्याचे नियम आधी पाहा आणि बिल जवळ ठेवा.

मध येतो कुठून

‘शुद्ध मधाचं अत्तर’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा. मध म्हणजे मुख्यतः साखर आणि पाणी. फुलांचं किंवा लाकडाचं तेल काढतात तसं मधाचं सुगंधी तेल निघत नाही. अत्तरातला मध रचावा लागतो, आणि तो चार वाटांनी येतो.

पहिली वाट मधमाशीच्या मेणाची. पोळ्याच्या मेणातून द्रावकानं काढलेल्या दाट अर्काला मध, सुकं गवत आणि तंबाखू यांचा मिळून वास येतो. तो महाग असतो आणि थोडाच वापरला जातो. दुसरी वाट गुलाबाची. गुलाबातल्या एका अल्कोहोलला फुलाबरोबरच मधाची झाक असते, म्हणून चंदनावर गाळलेलं जुनं गुलाब-अत्तर अनेकांना मधाळ वाटतं. तिसरी वाट खुद्द ऊदाची. कंबोडियन धाटणीचा ऊद मुळातच गोड, सुक्या फळांसारखा आणि मधाळ असतो. आसामी ऊद सुरुवातीला चामड्यासारखा आणि धुरकट, त्याचा गोडवा उशिरा वर येतो.

चौथी वाट रसायनांची, आणि बाजारातला बहुतांश मध याच वाटेनं येतो. फेनिलअ‍ॅसिटिक आम्ल आणि त्याचे एस्टर हे मधाच्या वासाचे कणे. या पदार्थांचा स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे : अगदी थोडे असले तर मध, जास्त झाले तर आंबूस, उग्र, मुतारीची आठवण करून देणारे. मधाळ अत्तर कुपीत घाणेरडं आणि मनगटावर अर्ध्या तासानं सुरेख वाटू शकतं ते यामुळेच. कुपीला नाक लावून अशा अत्तराबद्दल मत ठरवू नये. लावायचंही अगदी थोडं.

कृत्रिम म्हणजे वाईट, असं मात्र नाही. चंदनाच्या वासाचे कृत्रिम रेणू बनवणं ही आधुनिक सुगंधशास्त्राची मोठी कामगिरी आहे आणि त्यामुळे चंदनाची अनेक झाडं वाचली आहेत. तक्रार आहे ती कृत्रिम माल नैसर्गिकच्या किमतीला विकण्याबद्दल.

त्वचेवर काय होतं : पहिल्या मिनिटापासून रात्रीपर्यंत

फवारणीच्या परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं. ते झटकन उडताना सुगंधही हवेत फेकतं. अत्तरात अल्कोहोल नाही, म्हणून त्याचा वास अंगाजवळ राहतो आणि हळूहळू वर येतो. नैसर्गिक चंदन, थोडा ऊद आणि मधाची झाक असलेल्या चांगल्या अत्तराचा प्रवास साधारण असा असतो.

पहिली दहा मिनिटं. हलके घटक उडत असतात. ऊद असेल तर चामडं, आंबवलेलं लाकूड, कधी चक्क गोठा आठवतो. लाकूड भिजत घालण्याचा तो परिणाम. मध या वेळी टोकदार, किंचित आंबट वाटतो. चंदन जवळपास गप्प असतं, कारण त्याचे रेणू जड आणि संथ. दुकानात ग्राहक निर्णय घेतो तो नेमका याच दहा मिनिटांत, आणि स्वस्त मिश्रणं याच दहा मिनिटांसाठी सजवलेली असतात.

वीस मिनिटं ते दोन तास. टोकदारपणा ओसरतो. मध मेणासारखा मऊ आणि गरम होतो. सुकी फुलं, सुकं गवत, गुळाची झाक असे वेगवेगळे पैलू दिसतात. गोडव्याखालून लाकूड वर यायला लागतं. गोडवा आणि कोरडेपणा एकमेकांना तोलून धरतात ती हीच वेळ. मला या प्रकारच्या अत्तराचं खरं सौंदर्य इथेच दिसतं.

तीन तास ते सहा-आठ तास. आता चंदनाची पाळी. दुधाळ, गुळगुळीत, किंचित कोरडा असा वास मनगटाला नाक लावल्यावरच जाणवतो. मध नुसत्या ऊबेइतका उरतो. ऊद चांगला असेल तर त्याचा धूर निवून गोड राळ मागे राहते.

स्वस्त कुपी हा प्रवास करत नाही. पहिल्या मिनिटाचा गोडवा सहाव्या तासालाही तसाच, फक्त थोडा फिका. किंवा अर्ध्या तासात मध संपतो आणि मागे एकच कोरडा, टोचरा ‘लाकडी’ सूर दिवसभर राहतो. काहींना असा सरळ, न बदलणारा वास आवडतो. ऑफिसात दिवसभर एकसारखा सुगंध हवा असेल, तर तो दोषही मानू नये.

हा प्रवास प्रत्येकाच्या त्वचेवर थोडा वेगळा होतो. तेलकट त्वचा सुगंध धरून ठेवते, कोरडीवर तो लवकर ओसरतो. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात गोडवा फुगतो आणि जड वाटू शकतो. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या थंडीत तेच अत्तर शांत राहतं. ज्या हवेत वापरणार, त्याच हवेत पारखून घ्यावं.

चार किंमतपट्ट्या

पुढचे दर ढोबळ आहेत. शहर, दुकान आणि त्या वर्षीचा माल यांनुसार ते खालीवर होतात. पट्ट्यांमधलं अंतर मात्र बहुतेक ठिकाणी असंच दिसेल.

पहिली पट्टी : सहा-आठ मिलीचं रोल-ऑन, १०० ते ३०० रुपये. संपूर्ण कृत्रिम सुगंध, तो डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल) यासारख्या द्रावकात किंवा लिक्विड पॅराफिनमध्ये मिसळलेला. मध म्हणजे बहुधा व्हॅनिलाकडे झुकणारा गोडवा. रोजच्या वापराला, वरातीत वाटायला, प्रवासाच्या पिशवीत ठेवायला पुरेसं. यावर ‘शुद्ध चंदन’ लिहिलेलं असेल तर विश्वास ठेवू नका.

दुसरी पट्टी : दहा-बारा मिली, ५०० ते १,५०० रुपये. इथेही बहुतांश कृत्रिम माल, पण रचना नीट केलेली. लाकूड आणि मध वेगवेगळे ओळखू येतात आणि थोडाफार बदलही जाणवतो. नाव असलेल्या घराण्यांची बरीच चांगली अत्तरं या पट्टीत मिळतात. रोज वापरणाऱ्या बहुतेकांसाठी पैशाचं सर्वाधिक मोल इथेच आहे.

तिसरी पट्टी : खऱ्या चंदनतेलाच्या आधारावरचं अत्तर, मिलीला साधारण २०० ते ५०० रुपये. म्हणजे तीन मिलीची कुपी ६०० ते १,५०० रुपये आणि बारा मिली २,४०० ते ६,०००. कन्नौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात येते आणि भपक्यात आधीच भरलेलं चंदनतेल तो सुगंध शोषून घेतं. असं अत्तर गुलाबाचं असेल तर किंमत आणखी चढते, कारण एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. चंदन महागल्यापासून कन्नौजमध्येही बराच माल पॅराफिनच्या आधारावर निघतो. ‘कन्नौजचं’ एवढं उत्तर पुरेसं मानू नका. ‘बेस कोणता?’ असं स्पष्ट विचारा.

चौथी पट्टी : ऊदाचं निव्वळ तेल, मिलीला हजार रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत. राळ कमी असलेल्या लाकडातून निघणाऱ्या हलक्या तेलाला व्यापारात ‘बोया’ म्हणतात. ते बरंच स्वस्त असतं आणि तेच भारी ऊदाच्या नावानं खपवलं जाण्याचा धोका असतो. या पट्टीत तोळ्यानं खरेदी करू नका. अर्धा किंवा एक मिली घ्या, महिनाभर वापरा, मग पुढचं ठरवा.

एक सोपी कसोटी सगळीकडे चालते. किंमत भागिले मिली करा. बारा मिली ‘अस्सल चंदनातलं’ अत्तर पाचशे रुपयांना मिळत असेल, तर मिलीला ४२ रुपये पडले. कच्च्या चंदनतेलाचीच किंमत त्याच्या कितीतरी पट असताना ते अत्तर चंदनातलं असणं शक्य नाही. या भागाकारासाठी नाक लागत नाही, अनुभव लागत नाही, आणि फसवणुकीची निम्मी प्रकरणं तिथेच उघडी पडतात.

तोळ्याचा हिशेबही माहीत असावा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. चंदनतेल पाण्यापेक्षा किंचित हलकं, म्हणून बारा मिलीच्या कुपीत साधारण तोळाभर माल बसतो आणि बाजारात ‘तोळा’ म्हणजे बारा मिली हा संकेत रूढ झाला. पण कुठे दहा मिलीलाही तोळा म्हणून देतात. कायद्यानं विक्री ग्रॅम किंवा मिलीतच व्हायला हवी, तेव्हा भाव मिलीचाच विचारा.

एका वापराला किती पडतं

दाट अत्तराच्या एका मिलीत साधारण पंचवीस थेंब येतात. काचेच्या काडीनं लावलं तर एका वेळी दोन थेंब पुरतात. यावरून चार हिशेब करून पाहू.

तीनशे रुपयांची बारा मिलीची कुपी : ३०० थेंब, १५० वापर, एका वापराला दोन रुपये.

बाराशे रुपयांची बारा मिली : एका वापराला आठ रुपये.

खऱ्या चंदनाच्या आधारावरचं, ३,६०० रुपयांचं बारा मिली : एका वापराला चोवीस रुपये.

मिलीला दोन हजार रुपयांचा ऊद, तीन मिली सहा हजारांना : यात एकच थेंब पुरतो, म्हणून ७५ वापर, एका वापराला ऐंशी रुपये.

तुलनेसाठी तीन हजार रुपयांचा पन्नास मिलीचा स्प्रे घ्या. एका फवाऱ्याला साधारण ०.१ मिली जातं. एका वेळी पाच फवारे मारले तर शंभर वापर होतात, म्हणजे वापराला तीस रुपये. कुपीवरचा आकडा पाहून महाग वाटलेलं चंदनी अत्तर वापराच्या हिशेबात मध्यम किमतीच्या स्प्रेपेक्षा स्वस्त पडतं. रोल-ऑनमध्ये मात्र गोळी फिरवताना नकळत दुप्पट तेल जातं; महाग अत्तर काडीच्या कुपीतच घ्यावं.

दुकानात पारख कशी करावी

सकाळी लवकर जा, अंगाला दुसरा सुगंध न लावता. एका खेपेला त्वचेवर दोनच अत्तरं लावा, एका हाताला एक. बाकीची कागदाच्या पट्टीवर हुंगा आणि पट्टीवर नाव लिहून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वासानंतर नाक थकतं. कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा दुकानाबाहेर येऊन मोकळी हवा घेतलेली बरी.

अत्तर मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवा. मनगटं एकमेकांवर घासू नका, वरचे हलके घटक घाईनं उडून जातात. मग दुकानातून बाहेर पडा. चहा घ्या, इतर खरेदी करा. दहा मिनिटांनी, एका तासानं आणि चार तासांनी हुंगा, आणि प्रत्येक वेळी मोबाइलमध्ये दोन शब्द टिपून ठेवा : आंबट, मेण, तंबाखू, दूध, धूर, जे आठवेल ते. तिन्ही वेळचे शब्द सारखेच असतील तर अत्तर सरळ आहे. दुसऱ्या किंमतपट्टीपेक्षा जास्त पैसे त्याला देऊ नका. शब्द बदलले, आणि शेवटचे शब्द तुम्हाला पहिल्यांपेक्षा जास्त आवडले, तर ते अत्तर घेण्याजोगं आहे.

सोबत आणलेल्या माणसालाही हुंगायला सांगा. चंदनासारखे जड रेणू काहींच्या नाकाला जेमतेम जाणवतात, आणि सतत जवळ असलेला वास आपल्याला स्वतःला कळेनासा होतो. ‘माझ्यावर टिकतच नाही’ असं म्हणत चार पट अत्तर लावणाऱ्याचा वास लिफ्टमधल्या इतरांना पुरेपूर येत असतो.

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा : बेस कोणता? चंदन किंवा ऊद कुठला? तीन मिलीत मिळेल का? आपल्या मालाची खात्री असलेला अत्तरवाला या प्रश्नांनी चिडत नाही. उलट काडी बुडवून फाया हातात देतो आणि उद्या या म्हणतो. असा दुकानदार सापडला तर त्याला धरून राहा.

घरच्या चाचण्यांवर किती भरवसा ठेवावा

कागदावर थेंब टाकून डाग पाहण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते. लिक्विड पॅराफिनचा तेलकट डाग दिवसेंदिवस जात नाही, हे खरं. पण चंदन आणि ऊद हीसुद्धा जड तेलं आहेत, त्यांचाही डाग बराच काळ राहतो. त्यामुळे केवळ डागावरून खऱ्या अत्तराला खोटं ठरवू नका.

पाण्याची चाचणी थोडी उपयोगी आहे. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, डीपीजी विरघळतं. ग्लासभर पाण्यात टाकलेला थेंब लगेच पसरून नाहीसा झाला किंवा पाणी दुधाळ झालं, तर द्रावक भरपूर आहे असं समजा. चंदनतेल स्पिरिटमध्ये विरघळतं, पॅराफिन वेगळं राहतं. पण कृत्रिम सुगंधही स्पिरिटमध्ये विरघळतात, त्यामुळे ही चाचणी पॅराफिन पकडते, कृत्रिम चंदन नाही. वात भिजवून अत्तर जाळून पाहण्याचा प्रकार धोक्याचा आहे आणि त्यातून काही सिद्धही होत नाही.

मोठी रक्कम गुंतवायची असेल तर तेलातले घटक ओळखून मोजणाऱ्या जीसी-एमएस तपासणीचा अहवाल मागा. चंदनतेलाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात अल्फा-सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटॅलॉल १६ ते २४ टक्के असायला हवं. कन्नौजला केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतलं सुगंध व स्वाद विकास केंद्र १९९१पासून आहे. तिथे अशा तपासण्या होतात. पाचशे रुपयांच्या कुपीसाठी हा खटाटोप परवडणार नाही, पण वीस-पंचवीस हजारांचा ऊद घेताना जरूर करावा.

लेबल, बिल आणि तक्रार

बंद कुपीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि ग्राहक-सेवेचा संपर्क आहे का, ते पाहा. मोठ्या बाटलीतून काढून दिलेल्या सुट्या अत्तराला लेबल नसतं. तिथे बिल हाच एकमेव पुरावा. नुसतं ‘अत्तर, १ नग’ असं बिल घेऊ नका. दुकानदार तोंडानं जे सांगतो, म्हणजे ‘चंदन बेस, आसाम ऊद, ३ मिली’, तेच बिलावर लिहून मागा. लिहायला नकार मिळाला तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालंच.

कृत्रिम माल नैसर्गिक म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी दुकानदाराला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

त्वचेची आणि कुपीची काळजी

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज सोडा. गुलाबतेलातले काही नैसर्गिक घटकही संवेदनशील त्वचेला पुरळ आणतात. नवं अत्तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून चोवीस तास पाहा. लहान मुलांना थेट त्वचेवर लावू नका. घरात दमेकरी असतील तर त्यांना विचारून लावा. गर्भारपणात तीव्र वासांनी मळमळ होत असेल तर मधाळ अत्तरं काही महिने बाजूला ठेवा.

ऊद आणि चंदन दोन्हींचे पिवळट डाग पांढऱ्या कपड्यांवर आणि पैठणीच्या रेशमावर पडतात. कानाच्या पाळीमागे किंवा कानाच्या वळशात कापसाचा फाया ठेवण्याची आपली जुनी रीत इथे उत्तम : कपडा वाचतो, थेंब पुरवून वापरला जातो आणि वास हळूहळू मिळतो.

कुपी काचेची, गडद रंगाची आणि घट्ट बुचाची असावी. प्लॅस्टिकच्या रोल-ऑनमध्ये भारी अत्तर भरून ठेवू नका. ऊन, स्वयंपाकघराची ऊब आणि बाथरूमची दमट हवा यांपासून दूर, कपाटात ठेवा. नीट ठेवलेलं चंदन आणि ऊद वर्षानुवर्षं टिकतं, मुरून गोलाईही घेतं. कृत्रिम मिश्रणांना हा फायदा फारसा मिळत नाही. ती वर्ष-दोन वर्षांत वापरून संपवा.

कोणी काय घ्यावं

पहिल्यांदाच अत्तराकडे वळणाऱ्यानं दुसऱ्या पट्टीतली दोन वेगळ्या धाटणीची अत्तरं तीन-तीन मिली घ्यावीत, एक चंदनाकडे झुकणारं आणि एक मधाकडे. रोज कामावर जाणाऱ्याला एवढ्यावर अडीच-तीन महिने निघतील. चंदनाची खरी ओढ असलेल्यानं मिश्रणांच्या मागे न लागता आधी शुद्ध चंदनतेलाची दोन-तीन मिलीची कुपी घ्यावी. एकदा तो वास नाकात बसला की पुढे कुणी फसवू शकत नाही, आणि हा खर्च शिकवणीचा म्हणून वसूल होतो. लग्नात वाटायला पहिली पट्टी निःशंक घ्यावी. ऊदावर हजारो रुपये मात्र त्यानंच घालावेत ज्याला पहिल्या दहा मिनिटांचा गोठा सहन होतो आणि चौथ्या तासाच्या राळेची वाट पाहायची हौस आहे.

अत्तर लावून घेतल्या दिवशी पैसे देऊ नका. मनगटावर लावून घरी या, रात्री शेवटचं हुंगा, आणि मिलीचा भाव व बेसचं नाव बिलावर लिहून मिळणार असेल तरच दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या.